साओ टोमेचा खेळ

महिपती गंधे सरांनी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्या छत्तीस वर्षांत तांबड्या शाईत सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे 'पदरचे'. पुस्तकात नसलेलं उत्तर पेपरात आलं की ते पदरचे. पदरच्याला शून्य. शून्याखाली 'पालकांची सही आणणे'. शनिवार पेठेतले काही पन्नाशीचे गृहस्थ सर समोरून आले की अजूनही रस्ता ओलांडतात.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, दोन हजार साली, सरांना सेनापती बापट रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटर कंपनीनं बोलावलं. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठी जगातल्या सगळ्या देशांची माहिती एका सीडीवर भरायची होती, आणि ती पुण्यातल्या निवृत्त मास्तरांकडून लिहून घेणं अमेरिकेला परवडत होतं.

बोलावणारा मॅनेजर दिग्विजय घोरपडे सरांचाच विद्यार्थी. आठवीत 'ब्राझीलमधील लोकांचा मुख्य व्यवसाय कोणता?' या प्रश्नाला त्यानं 'फुटबॉल' असं उत्तर दिलं होतं. शून्य. शिवाय शाळेच्या आट्यापाट्यांच्या संघातून हकालपट्टी. शाळा त्या वर्षी पहिल्याच फेरीत हरली. सही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाली. अशी ऐटदार, खाली दोन टिंबं दिलेली, की सरांनी ती वर्गात सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "घोरपडे, भूगोल राहू दे, वडिलांकडून निदान अक्षर तरी शिक."

"सर, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहती तुमच्याकडे," दिग्विजय म्हणाला. "पाच देश आहेत."

"माझ्याकडेच का?"

"तुम्ही गोवा बघितलाय ना. सहल नेली होती."

एवढी पात्रता कंपनीला पुरेशी होती. आणि सरांना पुरेशी होती ती करारातली एक ओळ: प्रत्येक देशाखाली लेखकाचं नाव येईल. छापील स्वरूपात सरांचं नाव तोवर तीनदाच आलं होतं. दोनदा लग्नपत्रिकेत आणि एकदा मतदारयादीत, तेही चुकीचं. त्यांनी लिहिलेलं भूगोलाचं पुस्तक एका प्रकाशकाकडून शुभेच्छांसह परत आलं होतं. शुभेच्छा हस्तलिखित होत्या.

चार देश सुरळीत पार पडले. पाचवा साओ टोमे आणि प्रिन्सिपे. विषुववृत्तावरची दोन बेटं. सर ब्रिटिश लायब्ररीत बसले. पोर्तुगीज येण्यापूर्वी तिथं माणूसच नव्हता. मग ऊस आला, गुलाम आले, कोको आला. पंचाहत्तर साली स्वातंत्र्य, नव्वद साली एकापेक्षा जास्त पक्ष. इतिहासाची चौकट हिरवी झाली. शासनाचीही. कॉम्प्युटरवर प्रत्येक चौकटीत दोनशे शब्द भरले की ती तांबडीची हिरवी होई, आणि सगळ्या हिरव्या झाल्याशिवाय मजकूर पुढं जात नसे.

खेळाची चौकट बेचाळीस शब्दांवर अडली. फुटबॉल लोकप्रिय आहे आणि शहाण्णव साली देश प्रथम ऑलिंपिकला गेला, याहून जास्त काही ब्रिटिश लायब्ररीला ठाऊक नव्हतं. सरांनी फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू असतात, हेही घातलं. ते खोटं नव्हतं. पण वाचून त्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी ते खोडलं.

"सर, घाला की काहीतरी," शेजारच्या टेबलावरची आलिमा म्हणाली. ती मोमीनपुऱ्यातून यायची आणि मास्तरलोकांचे मजकूर कॉम्प्युटरवर चढवायची. "तिथं जाऊन कोण बघणारे?"

"काहीतरी म्हणजे?"

"म्हणजे बेटंयत, वाळू असणार. वाळूत पोरं काही खेळत नसतील का?"

शुक्रवारी सहाची मुदत होती. पावणेसहाला सरांनी लिहिलं: 'ओहोटीनंतर कोळ्यांची मुले ओल्या वाळूत नऊ आडव्या रेघा आखतात व मधून एक उभी. प्रत्येक आडव्या रेघेवर एक जण उभा राहतो. त्याने रेघ सोडायची नाही. बाकीच्यांनी हुलकावणी देऊन पलीकडे जायचे.' लेखणी अशी काही धावली की दोनशे अकरा शब्द झाले. चौकट हिरवी झाली. सरांचा चेहरा मात्र झाला नाही.

घरी सत्यशीलाबाईंनी विचारलं, "अहो, जेवत का नाही?"

"पोट बरं नाहीये."

"पोटाचं असतं तर ओवा मागितला असता," त्या म्हणाल्या आणि ताट झाकून ठेवलं.

सोमवारी दिग्विजयनं सरांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"सर, क्लायंट जाम खूश आहे. एकशे नव्वद देशांत त्यांना एकच पॅराग्राफ आवडला. तुमचा खेळ. आकृती पाहिजे म्हणतायत."

दिग्विजयनं एक कोरा कागद पुढं ओढला.

"मधल्या उभ्या रेघेला तिकडं काय म्हणतात, सर?"

"माहीत नाही."

"आपल्याकडे आट्यापाट्यांत तिला सूर म्हणतात."

सरांची नजर टेबलावरच्या छापील मजकुराकडे गेली.

"मी काही बोलणार नाही, सर," दिग्विजय हळूच म्हणाला. "आकृती मी स्वतः काढतो. नऊ रेघा मला झोपेत येतात. खाली तुमचं नाव. कुण्णाला कळणार नाही."

सरांनी खिशातून तांबडं पेन काढलं. टेबलावरचा छापील कागद ओढला, त्रेचाळिसाव्या शब्दापासून शेवटपर्यंत तिरकी रेघ मारली. समासात लिहिलं, 'पदरचे.' त्याखाली शून्य. शून्याखाली सवयीनं 'पालकांची सही'. मग स्वतःचं नाव खोडलं. ते खोडायला जरा वेळ लागला, कारण नाव या खेपेला बरोबर छापलं होतं.

"कर सही."

"मी? मी कसा पालक, सर?"

"इथं माझ्या वरचा तूच आहेस."

दिग्विजयनं मान खाली घालून सही केली आणि कागद परत सरकवला. सर कागद घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. चष्मा पुसून त्यांनी सही पुन्हा पाहिली. ऐटदार होती. खाली दोन टिंबं होती.

"घोरपडे, ही सही तुझ्या वडिलांची आहे."

"नाही सर. माझीच आहे."

"आठवीतल्या पेपरावर हीच होती."

"हो सर."

सर परत येऊन खुर्चीत बसले.

"म्हणजे ते शून्य अजून घरी गेलेलंच नाही."

"नाही सर. बाबा गेले तेव्हा त्यांच्या लेखी भूगोलात मी पहिलाच होतो."

दिग्विजयनं कॉम्प्युटर ओढला, कुठंतरी दोनदा टिचक्या मारल्या आणि खेळाच्या चौकटीची मर्यादा दोनशेवरून चाळिसावर आणली. सरांचे खरे बेचाळीस शब्द हिरवे झाले.

"हे आधी करता येत होतं?" सर म्हणाले.

"येत होतं की. तुम्ही विचारलंच नाही."

मग तो खोडलेलं नाव पुन्हा टाइप करायला लागला. सरांनी त्याला अडवलं नाही. फक्त 'गंधे' पूर्ण होईपर्यंत मागं उभं राहून नीट पाहिलं.