वल्ह्याचं यंत्र आणि एक उघडं कार्ड

इंदुबाईंनी नकार पाकिटात घालून पाठवला असता तर मी कदाचित त्यांना माफ केलं असतं. त्यांनी साधं पोस्टकार्ड पाठवलं. ‘आपल्या मुलीस दम्याचा विकार दिसतो, सबब योग नाही.’ अंबरनाथच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत ते कार्ड पोचेपर्यंत पोस्टमनने वाचलं, खालच्या बिऱ्हाडांनी वाचलं, आणि सगळ्यात शेवटी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी वाचलं.

हे त्रेपन्न सालचं. मी बावीस वर्षांची होते आणि मला दमा नव्हता.

झालं होतं ते असं. इंदुबाई आणि त्यांचा मुलगा श्रीपाद, कारखान्यातला अधिकारी, मला बघायला चारला येणार होते, ते तीनलाच उगवले. घरात चहापुरतंसुद्धा पाणी नव्हतं, आणि पाहुण्यांना ते सांगणं लाजेचं. मी मागच्या वाटेने पायथ्याच्या नळावर धावले, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन टेकडी चढले, आणि घाम पुसून तशीच पाटावर येऊन बसले. नाव विचारलं, ते धापा टाकत सांगितलं. चालून दाखवलं, सुईत दोरा ओवला. मग भजन म्हणायला लावलं, त्यात दुसऱ्याच कडव्याला माझा श्वास तुटला. मी वाहून आणलेल्या पाण्याचा चहा दोघांनी बशीत ओतून संपवला, ‘पत्राने कळवतो’ म्हणाले आणि गेले.

त्या कार्डानंतर तीन स्थळं बघायला येण्याआधीच फिरली. डॉक्टरांनी छाती तपासून दमा नाही असं लिहून दिलं, पण ती चिठ्ठी काय कपाळावर चिकटवून फिरू? मला नवरा नकोच होता आता. मला इंदुबाईंची मान खाली गेलेली बघायची होती.

आप्पा एकदा लोखंडी खाट बघायला उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेले. लष्कराच्या छावणीतलं जुनं सामान विकणाऱ्या जेठानंदने खाटेऐवजी भलतंच काहीतरी त्यांच्या गळ्यात मारलं. लांब चौकट, तिच्यावर सरकती बैठक, पायांना पट्टे, आणि जाड स्प्रिंगांना जोडलेले दोन दांडे. ‘मास्टर, गोरा अफसर इसपे बैठके नाव चलाता था, बिना पानी. छाती एकदम मजबूत,’ असं जेठानंद म्हणाला म्हणे. आप्पांनी मला एवढंच सांगितलं. पडवीत ते यंत्र ठेवलं आणि कामावर गेले.

पहिल्या दिवशी मी उलटीच बसले. शिरगावला नदीच्या तरीवर नावाडी पुढे तोंड करून उभा असतो, मग मीही तशीच, पट्ट्यांकडे पाठ करून. चाळीतल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. सुलट बसून दांडे ओढले तेव्हा वीस झटक्यांत डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि खांदे भरून आले. चार दिवस मी इंदुबाईंचं नाव घेत दांडे हिसकत राहिले. पाचव्या दिवशी मला वेणीसुद्धा घालता येईना.

शिरगावहून भाजी घेऊन येणारी बनूबाई पाटी टेकवून बघत होती. “हातानं काय वढतंस गो?” ती म्हणाली. “हिरीचा पोहरा हातानं वढला तं खांदा जातो. पाय रेट आधी. मंग पाठ. हात सगळ्यात शेवटी.”

“आणि परत येताना?”

“पोहरा सोडताना घाई करतंस का? हळू सोड. तवाच दम घ्यायचा. न् वढताना बोलता आलं पायजे. बोलता येत नसंल तं थांब.”

म्हणून मी आईचं जुनं नऊवारी कासोटा घालून नेसू लागले आणि रोज सकाळी यंत्रावर बसून तेच भजन म्हणू लागले. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, एक दिवसाआड. मग रोज दहा. दिवाळीपर्यंत वीस मिनिटं झाली आणि भजन शेवटच्या कडव्यापर्यंत जाऊ लागलं. हंडा-कळशी घेऊन टेकडी चढताना मी आता वाटेत गप्पा मारत होते.

मग मी आप्पांना म्हटलं, इंदुबाईंना लिहा, मुलगी बरी झाली, पुन्हा बघून जा. श्रीपादचं अजून कुठे जमलं नव्हतं, कारण इंदुबाईंना प्रत्येक मुलीत खोट दिसायची. आप्पांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर स्वतःची लाज वाटली. पण क्षणभरच.

या वेळी ते वेळेवर आले. मी त्यांना पडवीतच बसवलं, नऊवारीत यंत्रावर बसले आणि वल्हवता वल्हवता सगळं भजन म्हटलं. इंदुबाई म्हणाल्या, “छान सुधारणा आहे हो.”

“यांनाही जमेल,” मी म्हटलं. “अधिकारी आहेत.”

श्रीपादने हसत कोट काढला. कॉलेजात मी क्रिकेट खेळत असे, म्हणाला. बसला आणि दांडे हिसकायला लागला, नुसत्या हातांनी. मी त्याला पायांचं सांगितलं नाही. मुद्दामच. दुसऱ्या मिनिटाला त्याचे कान लाल झाले, तिसऱ्याला दांडे हातातून सुटले.

“आपलं नाव काय?” मी विचारलं.

“श्री... श्री...” त्याच्या तोंडून पुढे काही येईना.

“जरा चालून दाखवता?”

तो उठला आणि खांबाला धरून उभा राहिला. चाळ दारादारांत जमली होती. मी सुई-दोरा पुढे केला, तेव्हा इंदुबाई उठल्या. मान खाली घालूनच त्यांनी चपला शोधल्या. “पत्राने कळवतो,” मी म्हटलं. इतकं गोड मला त्या वर्षात काही लागलं नव्हतं.

ते गेल्यावर मात्र आप्पा माझ्याकडे बघेनात. हाताशी आलेलं स्थळ मी त्यांना न विचारता घालवलं होतं. ते दौत-टाक घेऊन बसले आणि समोर पाकीट ठेवलं. क्षमा मागणार, मला वाटलं.

थोड्या वेळाने त्यांनी पाकीट बाजूला सारलं. पत्र्याच्या पेटीतून इंदुबाईंचं ते जुनं कार्ड काढलं, शेजारी एक कोरं कार्ड मांडलं आणि शब्दाला शब्द उतरवून घेतलं. फक्त ‘मुलीस’च्या जागी ‘मुलास’ केलं.

अक्षर नेहमीपेक्षा बरंच मोठं काढलं होतं. मी बघत राहिले तसे ते म्हणाले, “त्यांच्या पोस्टमनला कमी दिसत असेल.”