चालेल म्हणतेय

मास्तरांनी साडीची घडी दोन बोटांत धरून झटकली आणि ती पांढऱ्या गादीभर पसरली. गर्द जांभळी, काठ मोरपंखी. आत्या गुडघ्यांवर उठूनच बसली.

"अगंबाई! वहिनी, ही बघा. बघा नुसती! हिला नाही म्हणणाऱ्याला पाप लागेल."

आईनं पदर उलटा करून मागचे धागे पाहिले, काठावर नख हलकेच फिरवून पाहिलं. मग तिनं, आत्यानं आणि मास्तरांनी एकदमच नवरीकडे पाहिलं. नवरीनं मांडीवरच्या फोनमधून मान वर केली.

"चालेल," ती म्हणाली.

"घ्या! पाचवी झाली," आत्यानं कागदावर ठसठशीत रेघ मारली. कागद तिचाच होता. त्यावर 'एकंदर सात' असं लिहून खाली दुहेरी रेघ ओढलेली होती. लग्न ठरलं त्या दिवसापासून आत्याचे पाय जमिनीवर नव्हते. भाचीच्या लग्नात आपण काय नेसायचं हे तिचं कधीच ठरून गेलं होतं. आता फक्त भाचीचं ठरायचं राहिलं होतं. सकाळी दुकानाचं दार उघडायच्या आधी ती पायरीवर हजर होती.

आईलाही रात्री धड झोप लागली नव्हती. छापखान्यात रजा टाकताना तिनं कारणाच्या रकान्यात 'मुलीच्या साड्या' असं लिहिलं होतं आणि साहेबांनी हसून सही केली होती. बावीस वर्षं ती तिथं प्रुफं तपासत होती. दुसऱ्यांच्या मजकुरातले काने, मात्रे, वेलांट्या डोळ्यांत तेल घालून बघायच्या आणि लिहिणाऱ्याचा एक शब्दही आपल्या मनानं बदलायचा नाही, हा तिचा नेम. आज मात्र तिला अक्षर दिसत नव्हतं, नुसते रंग दिसत होते, आणि त्या रंगांत बुडालेली आपली पोर. पाण्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर पांढरा कोट घालून फिरणारी ही मुलगी जांभळ्या रंगात कशी दिसेल, या विचारानंच तिला भरून येत होतं.

मास्तर साडीची घडी घालू लागले. ते कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. प्रत्येक साडीवर लहानसं व्याख्यान देतात म्हणून दुकानातले सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"ताई, रागावू नका," ते आईकडे झुकून हळूच म्हणाले, "पण आमच्या धंद्यात 'नको' म्हणणारं गिऱ्हाईक बरं. त्याला काय हवं ते तरी कळतं. 'चालेल' म्हणणारं सगळ्यांत अवघड. चालेल म्हणून नेलेली साडी आठ दिवसांत बदलायला येते बघा."

आई हसली. हसता हसता तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली ती थांबेचना.

चार महिन्यांपूर्वी मुलगा घरी आला होता. तलावावर पोहायला शिकवणारा. उंच, उन्हानं रापलेला, खुर्चीत मावत नसल्यासारखा बसलेला. दोघं गॅलरीत बोलायला गेली आणि चाळीस मिनिटं क्लोरीनवर बोलली. हिच्या प्रयोगशाळेत तो मोजतात आणि त्याच्या तलावात तो ओततात, एवढाच काय तो संबंध. मग आईनं हिला स्वयंपाकघरात नेलं, विचारलं, आणि हात पुसत बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "चालेल म्हणतेय." त्या एका शब्दावर हॉल ठरला, पत्रिका छापल्या, आणि लग्न आता तीन आठवड्यांवर आलं होतं.

चालेल. जांभळ्या साडीला म्हणाली, तसंच.

आईच्या हातातला पदर निसटला. साडी बदलून मिळते. नवरा कुठल्या दुकानात बदलून मिळणार? पोरीला मनातून नको असेल तर अजूनही वेळ गेलेली नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. पत्रिका गेल्या खड्ड्यात, स्वतः तीनदा तपासल्या असल्या तरी. पण आधी खरं काय ते कळायला हवं होतं, आणि आजच.

"मास्तर," ती एकदम म्हणाली, "तुमच्या दुकानातली सगळ्यांत वाईट साडी दाखवा."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. मालक लांब होता. ते उठले, सगळ्यांत वरच्या फळीवरून एक पुडकं काढलं आणि तोंड जरा बाजूला करूनच उघडलं. झगझगीत पोपटी रंग, त्यावर ताटाएवढी नारिंगी फुलं, आणि फुलांच्या मधोमध टिकल्या.

"आई गं," आत्या म्हणाली. "ही तर मी उशीलासुद्धा घालणार नाही."

"तू सांग," आई मुलीला म्हणाली. "नीट बघ आणि सांग."

मुलीनं नीट पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, ते तिनं दाबलं, आणि पुन्हा मान खाली घालून म्हणाली, "चालेल."

"चालेल काय चालेल!" आत्या कडाडली. "डोळे आहेत की बटणं? मास्तर, ही आधी आत ठेवा, कुणी बघेल. वहिनी, हिचं लक्षच नाहीये इथं. आपण आपल्या पसंतीनं घेऊ आणि मोकळ्या होऊ."

पण आईचा जीव टांगणीला लागला होता. ढिगातून हाताला लागेल ती एक साडी तिनं ओढली. पिकल्या लिंबाच्या रंगाची होती, बारीक लाल काठांची.

"ही नेसून बघू. चल, आरशाशी."

"जीन्सवर?"

"जीन्सवर."

"आमची मुलगी नेसवून देईल ना, ताई," मास्तर म्हणाले.

"आमची मुलगी आहे, मीच नेसवते," असं म्हणून आईनं नवरीला दंडाला धरून उठवलं.

दुकानाच्या टोकाला उंच आरसा होता आणि त्याच्यापुढे कडीला लावलेला पडदा. आईनं पडदा ओढला, पर्समधल्या पिना दातांत धरल्या आणि साडीचं टोक मुलीच्या कमरेत खोचलं. एक वेढा घातला. निऱ्या काढून मुलीच्या दोन्ही हातांत दिल्या.

"घट्ट धर. सोडू नकोस."

"धरलंय. पुढे?"

आईनं दातांतल्या पिना काढल्या. पिना दातांत धरून हे विचारता येण्यासारखं नव्हतं.

"खरं सांग मला. तो मुलगा तुला आवडतो, की नुसता चालतो?"

"हे काय आता मधेच?"

"मधेच नाही. तुला नको असेल तर आत्ता सांग. मी बघते सगळ्यांचं काय ते. तुझ्या बाबांचं, आत्याचं, त्यांच्या घरच्यांचं. कुणी तुला एक शब्द बोलणार नाही."

मुलगी आरशातून आईकडे बघत राहिली. तिला हसावं की घाबरावं ते कळत नव्हतं.

"आई, तुला झालंय तरी काय?"

"तूच चालेल म्हणाली होतीस. त्या दिवशी, स्वयंपाकघरात. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"मी? मी चालेल म्हणाले?" मुलीचे डोळे विस्फारले. "आठव बरं नीट. तू विचारलंस, काय सांगू त्यांना? आणि मी म्हणाले, 'अगं हो म्हण ना पटकन, तो उठायच्या आत!' असंच्या असं. वर तू मला दटावलंस, हळू बोल म्हणून."

आई पदर हातात घेऊन उभी राहिली. तिला ते स्वयंपाकघर दिसलं. ओट्यावर मांडलेले कप, तिच्या दंडात रुतलेली पोरीची बोटं, आणि पोरीचा लाल झालेला चेहरा. तो चेहरा बघून आपल्याला धास्ती वाटली होती, हेही तिला आठवलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. उतावळी नवरी कुणी ऐकली होती? आणि समजा, त्यांच्याकडून नकार आला असता तर? म्हणून स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंतच्या दहा पावलांत तिनं शब्द बदलला होता. पुढे तोच तिला खरा वाटू लागला होता. बावीस वर्षं लोकांच्या मजकुराला धक्का न लावणाऱ्या बाईनं घरातल्या घरात ध चा मा केला होता.

"अगो बाई," ती म्हणाली. ती तिथल्या स्टुलावर टेकली, आणि मग तिला इतका आनंद झाला की तिनं पदरातच तोंड लपवलं. दुकानाच्या पदरात.

"आई! विकत नाही घेतलीय अजून!"

"मग आज सकाळपासून प्रत्येक साडीला चालेल, चालेल काय लावलं होतंस? त्या पोपटीला पण?"

मुलगी काही बोलायच्या आत आरशाखालच्या फळीवर ठेवलेला तिचा फोन वाजायला लागला. आईनं सहज पाहिलं. अक्षर दिसलं की वाचायचं, ही तिची खोडच. काचेवर मोठ्या टायपात नाव आलं होतं, 'चालेल'.

"हे कोण?"

मुलीचा चेहरा त्या दिवशीसारखाच लाल झाला. दोन्ही हात निऱ्यांत अडकलेले, त्यामुळे तोंड लपवायचीही सोय नव्हती.

"तोच," ती म्हणाली. "त्यानंच माझ्या फोनमध्ये ते नाव घातलंय. तू बाहेर जाऊन सांगितलंस ना, तेव्हा बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं म्हणे. घरी जाऊन रात्रभर विचार करत होता, आपण नुसतेच चालतो का. आता चिडवतो. जेवलीस का विचारलं की मी म्हणायचं, चालेल. भेटायचं का, चालेल. आज सकाळपासून विचारतोय, किती साड्यांना माझं नाव घेतलंस. मी मोजून सांगतेय त्याला. पोपटीला सहावं झालं."

फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. पडद्यापलीकडून आत्यानं विचारलं, झालं का, की तिथंच राहायला गेलात. आईनं डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि फोन उचलला.

"आई, नको. आई, माझ्याकडे दे. आई!"

"काय मॅडम, सातवं नाव घेतलंत का?" पलीकडून आवाज आला. त्यामागे शिट्टी, पाण्याचा खळबळाट, पोहणाऱ्यांचा गलका.

"मी आई बोलतेय."



"नमस्कार, आई. मी आपलं... साड्यांचं विचारत होतो."

"साड्या होतायत. मला एक दुरुस्ती सांगायची होती," आई म्हणाली. छापखान्यात लेखकाला फोन करताना लागायचा तसा तिचा आवाज लागला होता. "त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे आला होतात, तेव्हा ती चालेल म्हणाली नव्हती. तो शब्द माझ्या पदरचा. तुम्हाला चार महिने चुकीचा मजकूर गेला."

"मग..." त्यानं घसा साफ केला. "मग ती काय म्हणाली होती?"

मुलगी दोन्ही हातांत निऱ्या धरून जोरजोरात मान हलवत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, धमकी होती, आणि हसूही होतं.

आईनं तिच्याकडे पाठ केली आणि पोरीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यातला 'अगं' गाळला नाही, 'ना' गाळला नाही, 'पटकन' तर मुळीच नाही.

  पलीकडे कुणीतरी ओरडलं, सर, सर, मागे बघा, आणि पाठोपाठ पाण्यात काहीतरी जड पडल्याचा मोठा आवाज झाला. फोन बंद पडला.

"काय म्हणाला?" मुलीनं विचारलं. "आई, सांग ना. काय म्हणाला तो?"

आईनं फोन कानापासून लांब धरून बघितला.

"म्हणाला काहीच नाही," ती म्हणाली. "पण बहुतेक फोनसकट तलावात पडला."

नवरीच्या हातातून सगळ्या निऱ्या सुटल्या.