तिसरी फेरी

गिरधरराव जाऊन आठ दिवस झाले होते आणि त्यांच्या नावाचं पार्सल दोनदा दारातून परत गेलं होतं. दोन्ही वेळा त्यांच्या पत्नीने, मालूबाईंनी, पडद्याआडूनच सांगितलं, "ते घरी नाहीत." त्यापुढचं त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

पार्सलमध्ये शेजारच्या मनीषाच्या लग्नाचा शालू होता. कागद कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गिरधररावांच्या फोनवरून गावातल्या लालबाग वस्तीतली ती अख्खी गल्ली खरेदी करी. कुकरची रिंग, गुडघ्याचा पट्टा, शाळेचे बूट, सगळं त्यांच्या नावावर, त्यांच्या पत्त्यावर. शनवारा बाजारातल्या दुकानांत मनीषाला काही पसंत पडलं नाही, तेव्हा त्यांनीच चष्मा कपाळावर सरकवून तासभर तिला रंग दाखवले होते. लग्न चार दिवसांवर आलं होतं. आजच्या तिसऱ्या फेरीलाही कुणी घेतलं नाही तर शालू कायमचा परत जाणार होता.

त्यांची मुलगी हिमानी सकाळपासून त्यांचा फोन हातात धरून ओट्यावर बसली होती. इंदूरहून आल्यापासून तिला रडू आलं नव्हतं. लोक आले की ती सतरंजी अंथरी, गेले की गुंडाळून ठेवी.

कुंपणापलीकडून मनीषाची आई, पार्वतीबाई, म्हणाल्या, "हिमानी, राग नको मानू व माय. पण सुतकातला हात लग्नाच्या कपड्याला..."

"नाही लावत, मावशी. मी नुसता फोनवर आलेला नंबर सांगेन. तो माणूस तुमच्याच हातात देईल."

पार्सलवाला संतोष आला. चाळिशीचा, आधी पॉवरलूमवर होता.

"अंकल कुठंयत, दीदी? दोन चक्कर फुकट गेल्या माझ्या. एरवी तर चाय पाजल्याशिवाय सोडत नाहीत."

"बाबा गेले. आज आठवा दिवस."

त्याने हेल्मेट काढलं. हातातलं पार्सल कुठं धरावं ते त्याला कळेना.

फोनवर आकडे आले. हिमानीने ते वाचून दाखवले. "त्या ताईंना द्या."

"देतो, दीदी. पण फोटो लागतो. घेणारा याच दारात दिसला पाहिजे. दोनदा वापस गेलंय ना, आता कंपनी ऐकत नाही."

"लग्नघरचं माणूस सुतकाच्या दारात?" पार्वतीबाई ओरडल्या. "काही नको! जाऊ दे तो शालू. शनवाऱ्यातून आणू कुठलातरी!"

तोवर मनीषा ओल्या केसांनी तशीच फाटकातून आलीसुद्धा. "काकांनी निवडलाय, मम्मी. दुसरा मी नेसणार नाही."

ती पायरी चढून दारात उभी राहिली. संतोषने पार्सल तिच्या हातात दिलं आणि सवयीने म्हणाला, "स्माइल." मग तोच ओशाळला. मनीषाने हिमानीकडे पाहिलं. हिमानीने होकारार्थी मान हलवली. फोटो निघाला.

पार्वतीबाईंनी लेकीला आपल्या दारातच अडवलं, तिच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, पार्सलवरही चार थेंब शिंपडले. "ये आता, नाटकी कुठली!"

हिमानी बघत होती. आता तरी रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही.

थोड्या वेळाने पलीकडून हाक आली. "हिमानी, शालू झकास आहे गं! पण ब्लाउजपीस नाही यात. जरा फोनमध्ये बघ ना."

तिने पाहिलं. "वेगळं येतंय, मावशी. उद्या."

"मग उद्या आहेस ना तू?"

"आहे," हिमानी म्हणाली आणि फोन चार्जिंगला लावायला आत गेली.