रिकामा ताबा

“तेल जरा मुरू द्या, साहेब. घाई केली तर आतली पट्टी तुटेल, मग कापावंच लागेल,” किल्लीवाला म्हणाला आणि शटरपाशी मांडी ठोकून बसला.

“कापा की मग, मामा. कुणासाठी जपायचंय?” जागांचा एजंट हसला. तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट, जिभेवर सदानकदा साखर. त्याच्यामागे पायरीवर दोघे जण बसले होते, एक जाड्या आणि एक लाल शर्टवाला. सामान हलवायला हमाल आणलेत, असं एजंटनं सांगितलं होतं.

सकाळचे अकरा वाजले होते. बस स्टँड गावाबाहेर गेल्यापासून पंधरा वर्षं या बाजारपेठेत कुत्रंही फिरकत नव्हतं. मग नगरपालिकेनं रस्त्याला फरश्या घातल्या, वेलबुट्टीचे दिवे लावले, आणि मेलेल्या जागांना भाव फुटला. जुन्या भांड्यांच्या दुकानात कॉफी मिळू लागली. या कोपऱ्यावरच्या इमारतीवरही महिन्याभरापूर्वी फलक चढला होता: विकणे आहे, रिकामा ताबा.

रिकामा नव्हता तो फक्त हा गाळा. इथं चष्मेवाले काका बसत. चाळीस वर्षं भाड्यानं. आठ दिवस शटर खाली होतं खरं.

“काका कुठं गेले म्हणालात?”

“मुलीकडे. दुकान सोडलं त्यांनी. हे बघा ना पत्र.”

किल्लीवाल्यानं कागद हातात घेतला. खाली शिक्का होता. शिक्का बघून त्यानं कागद परत केला. वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. कागद वाचला तर काहीतरी विचारावं लागेल, आणि विचारलं तर काम जाईल, हे त्याला आतून ठाऊक होतं. पुढं त्यानं हे पोलिसांनाही असंच सांगितलं.

कुलूप बारा वर्षांपूर्वी त्यानंच काकांना विकलेलं. त्याची खोड त्याला माहीत होती. तार आत सरकवून त्यानं किंचित वर उचलली आणि कुलूप मुकाट्यानं उघडलं.

जाड्यानं शटर वर ढकललं. दोघे आत शिरले. किल्लीवाला हत्यारं पिशवीत भरू लागला, तेवढ्यात आतून काच फुटल्याचा आवाज आला. मग दुसरा. लाल शर्टवाल्यानं काचेचं कपाटच आडवं केलं होतं. शेकडो चष्म्यांच्या काड्या फरशीवर पसरल्या आणि तो त्यांच्यावरून चालत पलीकडच्या कपाटाकडे गेला. हमाल सामान असं हलवत नाहीत, एवढं किल्लीवाल्याला कळलं. तरी तो पिशवीची चेन लावत राहिला. चेन अडकत होती.

रिक्षा थांबली आणि काका उतरले.

त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, मनगटावर अजून दवाखान्याची पट्टी. न्यूमोनियानं आठ दिवस खाटेवर होते आणि घरी जायच्या आधी दुकानावर नजर टाकायला आले होते. त्यांनी उघडं शटर पाहिलं, पायरीवरचं कुलूप पाहिलं आणि मग किल्लीवाल्याच्या पिशवीतून डोकावणारी तार पाहिली.

“तू उघडलंस?”

“काका, हे म्हणाले की तुम्ही…”

काकांनी पुढचं ऐकलंच नाही. ते आत गेले. भिंग घासायचं यंत्र जाड्यानं उचललं होतं, ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. “ठेव खाली. ठेव म्हणतो ना!” त्यांचा आवाज चिरकला. लाल शर्टवाल्यानं मागून येऊन त्यांच्या कानशिलात भडकावली. चष्मा उडाला. काकांनी यंत्र सोडलं नाही. मग त्यानं त्यांची मान धरली आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि ते खाली सरकताना पुन्हा एकदा. ओला, बोथट आवाज झाला. काका पालथे पडले आणि हलेनात. त्यांच्या तोंडाखालून रक्त काचांमधून वाट काढत निघालं. लाल शर्टवाल्यानं बरगडीत लाथ घातली. काम आटोपून हात झटकावेत, तशी.

“मामा, तुमचं झालं ना? निघा मग,” एजंट मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

किल्लीवाला छप्पन्न वर्षांचा होता. आयुष्यात त्यानं कुणावर हात उगारला नव्हता. बायकोशीही भांडण झालं की तो चपला घालून बाहेर पडायचा. त्यानं पिशवीतून हातोडी काढली ती कधी, हे त्याला नंतर आठवेना. पहिला घाव लाल शर्टवाल्याच्या गळ्याजवळच्या हाडावर बसला. वाळकं लाकूड मोडावं तसं ते मोडलं. दुसरा गुडघ्यावर. माणूस खाली कोसळला, हात जोडून “बास, बास” म्हणू लागला. किल्लीवाल्याला ते नीट ऐकू येत होतं. तरी त्यानं तिसरा घाव घातला, चौथा घातला. हात थांबत नव्हता आणि थांबू नये असंच वाटत होतं. इतक्या वर्षांत इतकं मोकळं त्याला कधी वाटलं नव्हतं. पुढं कित्येक महिने तो दचकून उठायचा तो या मोकळेपणाच्या आठवणीनं, माराच्या नव्हे.

जाड्यानं मागून त्याच्या गळ्यात हात घातला, त्याला फरफटत दारापर्यंत आणलं आणि उंबऱ्यावर आडवं पाडलं. हातोडी सुटली. उजवा हात शटरच्या पट्टीखाली आला. तेव्हा एजंटनं मोबाइल खिशात ठेवला, पुढं येऊन त्याच्या मनगटावर बूट रोवला आणि शांतपणे म्हणाला, “खेच रे.”

शटर खाली आलं. मग वर गेलं, आणि पुन्हा आलं.

समोरच्या कॉफीच्या दुकानासमोर चार-पाच माणसं उभी होती. दोघं चित्रण करत होती. किल्लीवाल्याला आपला ओरडण्याचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी एजंट भेटायला आला. तसाच इस्त्रीचा शर्ट. तो खुर्ची ओढून जवळ बसला.

“मामा, डोकं शांत ठेवून ऐका. कुलूप कुणी उघडलं? तुम्ही. माणसाचा पाय कुणी मोडला? तुम्ही. तोंड उघडलंत तर पहिले तुम्हीच आत जाल. त्यापेक्षा सांगा, शटर निसटलं, हात सापडला. म्हातारा काय, काचेवरून घसरला. चित्रणवाल्यांचं मी बघतो. सगळेच सुटू.”

तो गेल्यावर बायको म्हणाली, “अहो, तो मेला नरकात जावो, पण खोटं नाही बोलत तो. तुम्ही गप्प बसा. हात गेलाय, आता तुम्हीही जाणार का?”

“काका कसे आहेत?”

“जिवंत आहेत. सहा दात गेले. एका कानानं ऐकू येत नाही म्हणतात.”

दुपारी फौजदार आला. किल्लीवाल्यानं सुरुवात केली ती कुलपापासून. “कुलूप मी उघडलं. मीच विकलेलं होतं, म्हणून लवकर उघडलं. कागद दिला होता, मी वाचला नाही.”

फौजदारानं लिहायचं थांबवलं. “हे लिहू? तुम्ही आरोपी व्हाल यात.”

“लिहा.”

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. रडून नव्हे, रागानं.

आरोपींत चौथं नाव त्याचं लागलं. लाल शर्टवाल्याच्या पायाचा खटला वेगळा. गिऱ्हाईक पळालं, इमारतीची विक्री अडकली, गाळा काकांना परत मिळाला. एजंट जामिनावर सुटला आणि महिन्याभरात त्यानं समोरचीच इमारत विकली.

उजव्या हाताची तीन बोटं वळायची बंद झाली. बायको त्याच बाजारपेठेतल्या त्याच्या किल्ल्यांच्या टपरीवर येऊन बसू लागली. किल्ली चिमट्यात ती धरायची, कानस ती चालवायची आणि तो शेजारून बघायचा. “हळू. दात खाल्लास बघ.” “मग करा की तुम्हीच!” असं म्हणून ती दुसरी किल्ली घ्यायची. एके सकाळी त्यांनी पाहिलं, तर काका गाळ्याला नवं कुलूप बसवून घेत होते. त्यासाठी त्यांनी नदीपलीकडून दुसरा चावीवाला आणला होता. टपरीवरून जाताना त्यांनी मान वळवली नाही. बायकोनं कानस जरा जोरात चालवली.

काकांची साक्ष निघाली ती दीड वर्षानं. कोर्ट तिसऱ्या मजल्यावर. काकांच्या तोंडात कवळी होती, त्यामुळे शब्द थोडे सांडत होते. सरकारी वकिलानं किल्लीवाल्याचा जबाब वाचून दाखवला, अगदी हातोडीपासून शटरपर्यंत. काका कान पुढं करून ऐकत होते. ते पालथे पडल्यावर काय झालं, हे त्यांनी लोकांच्या तोंडून ऐकलं असेल, पण चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

“कुलूप उघडणारा माणूस इथं आहे का?”

काकांनी चष्मा पुसला, घातला आणि बोट उचललं. “हा.”

“नीट पाहून सांगा.”

“नीटच पाहतोय. हाच.”

आरोपींच्या बाकावर एजंट गालात हसला. किल्लीवाला न सांगता उठून उभा राहिला, सगळ्यांना दिसावा म्हणून.

कामकाज संपलं तेव्हा लिफ्ट बंद होती. काका जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून थांबले होते, एकटेच. किल्लीवाला बायकोला म्हणाला, “तू हो पुढं.” तो काकांजवळ गेला आणि त्यानं डावा हात पुढं केला.

काकांनी त्या हाताकडे पाहिलं. मग उजव्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ. “नको,” ते म्हणाले.

त्यांनी कठड्याच्या आधारानं पहिली पायरी उतरली. किल्लीवाला त्यांच्यापुढं एक पायरी खाली गेला आणि थांबला. काकांनी दुसरी उतरली. तो आणखी एक खाली गेला. मागून येणारे वकील, पक्षकार दोघांना वळसा घालून भराभरा उतरत होते. काकांनी त्याला बाजूला हो म्हटलं नाही. तोल गेलाच, तर अंगावर झेलता येईल एवढं अंतर ठेवून तो पाठमोरा, एकेक पायरी, तीन मजले उतरत राहिला.