प्रत्येक साइटला तिचा रंग

शिवांजलीच्या लेकीचं बारसं नॉर्वेत होतं आणि पाळणा म्हटला जाणार होता तेर गावच्या ओसरीतून, व्हिडिओ कॉलवर. पणजीचा तो मान द्वारकाबाईंचा. पाळणा त्यांनी स्वतः जुळवला होता आणि एकेक अक्षर शोधत लॅपटॉपवर टाईप करून एका साइटवर ठेवला होता. गल्लीतल्या बायका जमल्या, सुंठवडा वाटून झाला आणि नेमकं पडद्यावरचं बाळ गोठलं. तोंड अर्धं उघडं, मूठ वर.

"आजी... तुमचा आवा..." शिवांजलीचा आवाज बोलता बोलता तुटला.

"झोपलं का गं बाळ?" शेजारच्या शिवगंगाबाईंनी विचारलं.

"झोपलं न्हाय मावशी, अडकलंय." द्वारकाबाईंच्या सुनेनं, दीपमालानं, वायफायची पेटी बंद करून चालू केली, आपला मोबाइल लावून पाहिला. "नेट झकास हाय. आत्या, हे तुमच्या रंगांचं काम."

द्वारकाबाईंना ते लागलं. मोतीबिंदू काढल्यापासून पांढरा पडदा डोळ्यांत टोचायचा, म्हणून दीपमालानंच ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडून दिलं होतं. त्यात प्रत्येक साइटला वेगळा रंग, वेगळं अक्षर देता यायचं. भरल्या घरात थोरल्या दिरांना पातळ भाकरी, सासऱ्यांना दुधात कुस्करलेली आणि जावेला बिनमिरचीचं कालवण वाढलेल्या बाईला हे पटकन उमगलं. पेपर फिका पिवळा, हवामान हिरवं. पुढं तर पेपरच्या एकेका पानालाही त्यांनी वेगळं रूप दिलं. एकदा दिलेलं कधी काढलं नाही. भाऊ बब्रुवान एका साइटवर बियाण्यांबद्दल लिहायचा, ती त्याच्यामागं बंद पडली, तरी तिचा मोरपंखी रंग तसाच होता.

"पान जरा हललं की हे रंगांची सगळी यादी वरपासून खालपर्यंत तपासतंय," दीपमाला म्हणाली. "पेपर वाचताना कळत न्हाय. व्हिडिओचं पान मात्र सारखं हलतंय. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी गावभर विचारत फिरल्यावानी झालंय."

"मग बंद कर की!"

तिनं बंद केलं. बाळानं लगेच मूठ खाली आणली, बायका हसल्या. पण शेजारी उघडलेलं पाळण्याचं पान पांढरंफटक झालं.

"अगं, मला नुसत्या मुंग्या दिसतायत!"

"मोबाइलवर वाचता का?"

"त्यात तर मुंग्यांची पिल्लं."

"मग म्या मागनं सांगते."

"तू सांगणार नि मी म्हणणार? पाळणा हाय का शाळेतली कविता?"

"तर मग सगळे रंग पुसते अन् पाळण्याचा तेवढा नव्यानं करते. एकच असला की अडकायचं न्हाय."

"पुसलेले परत येतील?"

"न्हाय."

द्वारकाबाई उठल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या, परत येऊन टेकल्या, पुन्हा उठल्या.

"आजी, ही कुरकुरायला लागली," शिवांजली म्हणाली. "रडली तर काढून घेईन हं पाळण्यातून."

"बब्रुवानचं तेवढं ठेव."

"आत्या, एकेक निवडत बसलो तर पोरगी झोपंल. अन् ते पान उघडतंय तरी का आता?"

द्वारकाबाईंनी पदर खोचला, खुर्ची पुढं ओढली, यादी एकदा वर-खाली फिरवली. मोरपंखीवर बोट क्षणभर थांबलं. मग त्यांनीच 'सर्व पुसा' दाबलं.

दीपमालानं पाळण्याचं पान पिवळं केलं, अक्षरं बोराएवढी केली. द्वारकाबाईंनी घसा खाकरला. पाळण्यात पहिल्या दिवसाला तेरणा नदीचं पाणी आलं, दुसऱ्याला गोरोबाकाकांचं गाव, पाचव्याला मावश्यांची नावं. "जो बाळा जो जो" तिकडं नॉर्वेतही ऐकू गेलं, कारण शिवांजली तिथून साथ धरत होती आणि मधेच नाक पुसत होती. तिकडं बाळाच्या आत्यानं त्याच्या कानात नाव सांगितलं, तेव्हा ओसरीतल्या बायकांनी इकडं एकमेकींच्या पाठीत बुक्के घातले.

बायका गेल्यावर द्वारकाबाईंनी पेपर उघडला आणि डोळ्यांवर हात धरला.

"लावू का पहिल्यासारखं एकेक?" दीपमालानं विचारलं.

"नको. सगळ्यांना एकच पिवळा कर. ज्याला न्हाय सोसणार त्याचं बघू मग." खुर्ची मागं सारत त्या म्हणाल्या, "आन् पोरीला विचार, परत कधी लावतीया फोन."