रोज संध्याकाळची मुलाखत

जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवणाऱ्या त्या कारागिराचं तोंड दिवसभर बंद असे. कुणाशी वाकडं होतं म्हणून नव्हे. बारीक खिळे ओठांत धरायचे, जिभेनं एकेक पुढे सरकवायचा आणि हातोडीनं ठोकायचा, ही त्या धंद्याची रीतच. गिऱ्हाईक आलं तरी तो मानेनंच हो-नाही करी. बायको गेली, मग लेक कॉलेजसाठी दूरच्या शहरात गेली. तेव्हापासून तोंडात खिळे नसले तरी बोलायला कुणी नसे.

संध्याकाळी मात्र तो हातपाय धुऊन, चूळ भरून फोनसमोर बसे.

लेकीचं शेवटचं वर्ष होतं. नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या कॉलेजात यायच्या होत्या. मॅडमनी मुलांना बजावलं होतं, रोज नवे शब्द शिका आणि ते घालून कुणासमोर तरी मोठ्यानं बोला, नुसते घोकलेले शब्द ऐन वेळी दगा देतात. बाकीच्या मुलींनी आपापल्या जोड्या जमवल्या. ही एकटी उरली. मग तिनं बापालाच परीक्षक केलं. प्रश्न ठळक अक्षरांत लिहून पाठवले, कारण बाप वाचायला शिकला तो पिकल्या केसांनी, लेकीच्याच पहिलीच्या पुस्तकावरून.

"हं... स्वतः... बद्दल सांगा," तो अक्षरांवर बोट ठेवून विचारी.

"मला गटात समन्वय राखता येतो," लेक घसा खाकरून सुरू करी.

पहिल्या काही दिवसांत तो ऐकून लगेच म्हणायचा, "वा, झकास!" त्यावर ती म्हणायची, "मग ठेवते हं, बाबा." की संपलं. उरलेली संध्याकाळ आ वासून पुढे उभी.

एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "मला नाही कळलं. समन्वय म्हणजे काय गं?"

आणि काय सांगावं! लेक बोलतच सुटली. कॉलेजच्या नाटकात पडदा कुणी ओढायचा यावरून दोन मुलं हमरीतुमरीवर आली होती. हिनं एकाला पडदा उघडायला दिला, दुसऱ्याला पाडायला. ती हसली, तोही हसला. तिच्या कॉलेजात नाटक झालं होतं, हेच त्याला तेव्हा कळलं.

मग त्याला चटक लागली. लवचिकता म्हणजे? पुढाकार म्हणजे? हे काही पटलं नाही, परत सांग. मोठा शब्द आला की तो अडाण्याचं सोंग घेई आणि लेक त्याची फोड करी. त्यातून तिच्या मैत्रिणी, तिची गळकी खिडकी, रस्त्यात तिचं चुकलेलं वळण, असं सगळं हळूहळू त्याच्या दुकानात येऊन बसे.

शेजारच्या औषधवाल्याला हे भिंतीपलीकडून ऐकू जाई. एकदा तो दारात येऊन म्हणाला, "काय हो परीक्षक, आजही नापासच का? पोर इतकं छान बोलते! सख्खे बाप आहात की सावत्र?"

कारागीर नुसता हसला. हसताना मात्र त्यानं नजर चोरली.

दिवसेंदिवस लेकीच्या आवाजातला जोर ओसरत गेला. उत्तरं आखूड झाली. एका संध्याकाळी तर तिनं प्रश्नच विचारू दिला नाही.

"बाबा, पुरे आता. उद्या मुलाखतीतून नाव काढून घेते."

"का गं?"

"घरच्या माणसाला पटवता येत नाही, परक्यांपुढे काय दिवे लावणार? मी येते घरी. शिवण मारायला शिकवा मला."

कारागीर चरकला. पण खोटं कशाला, मनाच्या तळाशी त्याला थोडं बरंही वाटलं. दुकानात दुसरं माणूस असेल. ताट वाढायला दोन असतील. नुसतं गप्प राहिलं की झालं, एक शब्दही बोलायला नको.

पलीकडे तिनं नाक ओढलं. लहानपणी ती रडू दाबायची तेव्हा अस्संच ओढायची.

"तू कधीच पास झालीस, पोरी," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात."

"म्हणजे?"

"मला सगळं समजत होतं. तू फोन ठेवू नयेस म्हणून विचारत होतो."



"बाबा, मला वाटलं माझ्यातच खोट आहे. आरशासमोर बोलून बोलून वेड लागायची पाळी आली होती. गप्पाच मारायच्या होत्या तर सरळ मारायच्या!"

"कशाच्या मारू? इथं काय घडतं? मुलाखतीला निदान प्रश्न तरी तयार असतात."

ती हसलीही नाही, चिडलीही नाही. "नाव राहू देते," एवढंच म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्यानंतर संध्याकाळी फोन आला नाही. तोही करायला धजला नाही. मग एके दिवशी भर दुपारी फोन वाजला. मागे पोरींचा गलका होता.

"बाबा, घेतलं मला! पाच जण होते समोर, पण अजिबात अडखळले नाही."

"काय काय विचारलं त्यांनी?"

"खूप! सांगते सावकाश. सगळ्या मैत्रिणी खोळंबल्यात माझ्यासाठी."

"जा, जा. त्यांना ताटकळत ठेवू नकोस," तो म्हणाला, आणि या वेळी फोन त्यानंच आधी ठेवला.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक आपली खुर्ची न्यायला आलं. कारागिरानं ती उन्हात ठेवू नका म्हणून सांगितलं. ऊन लागलं की कापड कसं विटतं ते सांगितलं. मग आत काय भरलंय, पाठीचा उतार असाच का ठेवला, तेही सांगितलं. गिऱ्हाईक "बरं, बरं" करत खुर्ची उचलून पायरी उतरलं, रस्त्याला लागलं, तरी तो दारात उभा राहून सांगतच होता.