दोआनने पुढे सरकवलेली चकती

मी बँकरची चकती बोलतेय. पांढरी, तळहातात मावेल एवढी. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, गार्डिनामधल्या पत्त्यांच्या क्लबात, 'पाय गाव' नावाच्या पोकरच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं.

मी ज्याच्यासमोर, तो त्या डावाचा बँकर. दर दोन डावांनी मी पुढच्या खुर्चीकडे सरकते; बँक नको असेल त्यानं आपली पाळी सोडायची. प्रत्येकाला सात पानं मिळतात. त्यांचे दोन हात लावायचे, पाचांचा आणि दोनांचा. बँकर एकटा सगळ्यांशी लढतो. पण एखादा हात त्याच्याशी बरोबरीत सुटला, तर तो बँकरचा. एवढीच काय ती माझी किंमत.

ती किंमत ओळखली ल्यूताईनं. एकोणीस वर्षं कारखान्यात पँटींना चेन शिवलेली व्हिएतनामी बाई. स्वतःची पाळी असली की भरपूर पैसे मांडून बँक घ्यायची, नसली की कमीत कमी लावायची. यातलं कुणाला सांगायची मात्र नाही.

तिच्या उजवीकडे दोआन बसायचा. लोकांच्या बागा राखणारा, नखांत कायम माती. आपल्या पिकअपमधून तोच ताईला क्लबात आणायचा.

"बँक नको रे बाबा. एकट्यानं सहा जणांचा मार कोण खाणार?" असं म्हणून तो एका बोटानं मला पुढे ढकलायचा. मग मी ताईपुढे.

"पुन्हा तुझ्याएवढीच पानं, ताई! जुळी भावंडं आपण," तो हसायचा. त्याची रास ताईकडे जायची. अकरा वर्षं हे चाललं.

एके दुपारी अशा तीन बरोबऱ्या पाठोपाठ गेल्या. दोआन खिसे चाचपत म्हणाला, "ताई, आज पेट्रोल तू भर." ताईनं मला मुठीत घट्ट धरलं. 

"भाऊ, बरोबरी बँकरची असते. पाळी सोडत जाऊ नकोस," ती हळूच म्हणाली. "पण फायदा नखाएवढाच आहे. हाताशी भरपूर असेल तरच बस."

"भरपूर म्हणजे किती?"

"हरलास तरी तू हसशील एवढे."

दोआन हसला नाही.

पुढच्या आठवड्यात तो बसनं आला. पिकअप आणि गवत कापायची दोन्ही यंत्रं विकून आलेले चार हजार डॉलर त्यानं टेबलावर मांडले आणि पहिल्यांदाच मला आपल्याकडे ओढलं.

"भाऊ, हे फार थोडे आहेत," ताई म्हणाली.

"माझ्याकडे एवढंच भरपूर आहे."

पहिला डाव बरा गेला. दुसऱ्यात त्याला साधी जोडीही लागली नाही. एकेक खुर्ची जिंकत गेली. शेवटच्या दोघांपर्यंत त्याचे पैसे पोचलेच नाहीत. जिंकणाऱ्यांत ताईही होती. तिनं आपले पैसे उचलायला फार वेळ लावला.

दोआन पुन्हा आला नाही. महिन्याभरानं त्याची मुलगी थ्वी आली आणि ताईच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"बँक घ्या असं बाबांना तुम्हीच सांगितलंत ना?"

"अकरा वर्षं सांगितलं नाही," ताई म्हणाली. "एकदाच सांगितलं."

"ते घरात भिंतीकडे तोंड करून बसतात. माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही एकदा याल?"

ताई अर्धवट उठली. तेवढ्यात पत्ते वाटणाऱ्यानं मला तिच्यापुढे ठेवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"येते. एवढी पाळी होऊ दे."

दोन डाव झाले. तीन बरोबऱ्या ताईच्या पदरात पडल्या. मागे वळून पाहिलं तर थ्वी निघून गेली होती.

ताई अजून येते, दोन बस बदलून. दोआनच्या घराकडे ती गेलेली नाही. गेली असती, त्याला तसं भिंतीकडे तोंड करून बसलेलं पाहिलं असतं, तर त्याच्या खुर्चीवर बसलेल्या नव्या माणसाला तिनं बरोबरीचं वेळेवर सांगितलं असतं. तोही मला एका बोटानं पुढे ढकलतो.

माझ्या कडा झिजल्यात. या टेबलावर कधी बसलात आणि मी फुकट तुमच्यापुढे आले, तर पैसे मांडण्याआधी मला ढकलणाऱ्याचं नाव तरी विचारा.